तूच आहेस ना?

"तूच मागितलास ना, म्हणून दिला."

ती एवढंच म्हणाली. आवाज चढला नव्हता, रडवेलाही झाला नव्हता. दार का उघडलंस असं एखाद्या लहान मुलाला विचारावं आणि त्याने 'आईचा आवाज आला म्हणून' असं सांगावं, तितक्या सरळपणे तिने ते सांगितलं. मी फोन कानाशी धरून खिडकीपाशी उभी होते. पलीकडून तिच्या खोलीतल्या पंख्याची करकर ऐकू येत होती, दर फेरीला एकदा. पुढे काय बोलावं ते मला सुचेना. माफी मागावी, तर मी तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. मागितलं नव्हतं म्हणावं, तर निरोप माझ्याच नावाने गेला होता, माझ्याच फोटोखाली. तिचं अकाउंट गेलं होतं, तिच्या मावशीचे पैसे गेले होते, आणि या सगळ्याच्या मुळाशी आमचा शनिवारचा बिंगो होता. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. बाकीचे तपशील हळूहळू पुसट होतायत, पण ते वाक्य काही जात नाही. भांडी घासताना, रात्री दिवा मालवताना ते मध्येच कानात वाजतं.

आम्ही नऊ जण. कधीकाळी एका बाकावर बसलेले, मग जो तो आपापल्या वाटेने गेलेला. शनिवारी रात्री नऊ वाजता सगळे व्हिडिओ कॉलवर यायचे आणि बिंगो खेळायचे. आमच्यात कुणी त्याला हाउजी म्हणतं, कुणी तांबोला, खेळ तोच. आकडे काढायचं काम माझ्याकडे. माझ्याजवळ पत्र्याचा एक गोल डबा आहे आणि त्यात पुठ्ठ्याच्या नव्वद चकत्या. आकडे मीच शाईने लिहिलेत. ६ आणि ९ च्या खाली रेघ ओढलीय, म्हणजे चकती उलटी हाती आली तरी फसायला होत नाही. तीच रेघ ६६ ला, ९९ नसल्यामुळे खरं तर त्याला गरज नाही, पण तिथेही आहे. डबा हलवला की वाळक्या पानांवर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा आवाज होतो. तो आवाज झाला की आठही चौकटींतली माणसं गप्प होऊन खाली कागदाकडे बघायची. पेन्सिली सरसावलेल्या. कुणाचं फक्त कपाळ दिसतंय, कुणाचा चष्मा नाकावर घसरलाय. आठवडाभर कुणी कुणाची नीट चौकशी केलेली नसायची, पण त्या एका क्षणी आम्ही सगळे एकाच ठिकाणी असायचो.

आकडा पुकारणं ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. नेटवर्क जरा कच्चं असलं की मराठी आकडे एकमेकांत मिसळतात. 'साठ'चा 'सात'शी आणि 'आठ'शीही एकेका अक्षराचाच फरक. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची सुरुवात एकसारखी आणि नेमका शेवट गिळला जातो. म्हणून मी सुटे आकडे आधी सांगायचे: पाच आणि नऊ, एकोणसाठ. सहा आणि नऊ, एकोणसत्तर. ब्रिटनमधल्या बिंगोच्या मोठ्या हॉलमध्येही हीच अडचण होती. तिथे गोंगाटात इंग्रजीतले तेरा आणि तीस सारखेच ऐकू येतात. तिथल्या पुकारणाऱ्यांनी आकड्यांना टोपणनावं दिली, ११ म्हणजे पाय, ८८ म्हणजे दोन जाड्या बायका, आणि ऐकणाऱ्याला ती तोंडपाठ असतात. त्यात गंमत आहेच, पण त्याखाली काळजीही आहे. मी बोलले तेच तुझ्यापर्यंत पोचलं का, याची काळजी.

आणि या खेळात ऐकणाऱ्याच्या हातात दुसरं काय असतं? काहीच नाही. बुद्धिबळात डाव रचता येतो, पत्त्यांत समोरच्याचा चेहरा वाचता येतो. बिंगोत आवाज येतो, आकडा येतो, आपण खूण करतो. तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक ओळीत पाच असे पंधरा आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, शेवटच्यात ८० ते ९०. पुकारा झाला की चटकन बघायचं आणि काट मारायची. कोण पुकारतंय, का पुकारतंय, खरंच डब्यातून काढला का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर खेळ पुढे सरकणार नाही. सगळा खेळ एका आवाजावर टाकलेल्या विश्वासावर उभा असतो, आणि वर्षानुवर्षं शनिवारी रात्री मी माझ्या माणसांना तीच सवय लावत होते: मी आकडा सांगितला की लगेच हात हलला पाहिजे.

त्या आठवड्यात माझ्याकडे एक लिंक आली. दूरच्या ओळखीतून फिरत फिरत आलेली. तिकिटं आपोआप तयार होतात, प्रत्येकावर खेळणाऱ्याचं नाव छापून येतं, आकडेही तेच पुकारतं, असं वर्णन होतं. मला ते आवडलं, कारण तिकिटं हाताने आखून एकेकाला फोटो पाठवायचा मला कंटाळा यायला लागला होता. पान उघडलं. रंग छान होते, वरच्या कोपऱ्यात सोनेरी चेंडू घरंगळत होते. त्याने मोबाइल नंबर मागितला, मी दिला. मग म्हणालं, आता एक सहा आकडी कोड येईल तो इथे भरा. कोड आला. निरोप पाठवायचं जे अॅप आपण सगळे दिवसभर वापरतो, त्याच्याकडून आला होता, आणि त्याखाली स्वच्छ लिहिलं होतं की हा कोड कुणालाही देऊ नका. मी ते वाचलंही. वाचलं, आणि तरी भरला. कारण माझ्या डोळ्यांपुढे शनिवारची तिकिटं होती. एका बाजूने आकडा आला, दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट होती, आणि माझी बोटं चालली.

काही मिनिटांतच माझं अकाउंट माझ्या फोनवरून बाहेर पडलं. मला वाटलं, नेटवर्क गेलं असेल. फोन बंद करून चालू केला, पाणी प्यायले, वाळत घातलेले कपडे आत आणून घड्या घातल्या. त्या घड्या घालण्याच्या वेळात कुणीतरी माझं नाव लावून माझ्या माणसांशी बोलत होतं. दुसऱ्याच्या फोनवर अकाउंट उघडलं की जुने निरोप सहसा दिसत नाहीत, पण आपण कुठल्या ग्रुपात आहोत ते दिसतं. आमच्या ग्रुपाचं नाव 'शनिवारचा बिंगो'. तेवढं पुरलं. आठही जणांना वेगवेगळा निरोप गेला: शनिवारच्या तिकिटाचा कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, जरा लगेच पाठव ना. दोघांनी तो पाहिलाच नाही. एकाने 'कसला कोड?' असं विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून सोडून दिलं. बाकीचे कामात होते. तिने मात्र पाठवला. नंतर आम्ही वेळ पाहिली. निरोप पोचल्यापासून मिनिटही झालं नव्हतं.

तिचा तो स्वभावच. हाक मारली की 'ओ' द्यायला ती कधी थांबलेली नाही.

माझं अकाउंट मला त्याच दिवशी परत मिळालं. आपला नंबर पुन्हा टाकायचा, नवा कोड मागवायचा, तो भरला की आत बसलेला माणूस बाहेर पडतो. तिच्या बाबतीत हे अर्धंच झालं. तिच्या अकाउंटात शिरताच त्यांनी दुसरं कुलूप लावलं होतं, दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन. ही सोय खरं तर आपल्यासाठी आहे. आपण ती आधी लावलेली असेल तर नुसत्या कोडवर कुणाला आत येता येत नाही. तिने लावली नव्हती, मीही नव्हती, म्हणून ती त्यांच्या कामी आली. चोर बाहेर पडला, पण पिन माहीत नसल्यामुळे तिला स्वतःच्याच दारात सात दिवस थांबावं लागलं. तोवर, म्हणजे ती धावपळ करून नवा कोड मागवेपर्यंतच्या काही तासांत, तिच्या नावाने तिच्या नातेवाइकांकडे पैशांची विनवणी गेली होती. अडचणीत आहे, उद्या परत करते. तिच्या मावशीने पाठवले. मावशीला तिने लहानपणापासून कधी कशाला नाही म्हटलेलं नव्हतं आणि मावशीनेही तिला.

त्या सात दिवसांबद्दल ती नंतर एकदाच बोलली. म्हणाली, मोबाइल हातात असायचा आणि त्यात मीच नसायचे.

सांगायला हवं की आमच्या खेळाला त्याआधीच थोडी वेगळी हवा लागली होती. सुरुवातीला जिंकणाऱ्याला काही मिळायचं नाही. मग कुणीतरी म्हणालं, थोडे थोडे पैसे टाकूया, रंगत येईल. रंगत आलीही. पहिली ओळ, दुसरी ओळ, फुल हाउस म्हणजे पंधराही आकडे, अशी बक्षिसं ठरली. पुढे एका तिकिटाच्या जागी दोन घेणारे झाले, दोनांचे तीन. आमच्यातला एक जण तीन तिकिटं घेऊन बसायचा आणि हरला की कॅमेरा बंद करायचा. आधी तो सगळ्यांत जास्त बोलायचा. मला ते दिसत होतं, पण मी आकडे काढत राहिले. पैसे माझ्याकडे जमा व्हायचे, वाटायची मीच, आणि 'अजून एक डाव' असं चौघं म्हणाले की पाचव्याच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळायचे. रात्री साडेअकरापर्यंत चालायचं. शेवटी शेवटी कुणी कुणाशी बोलायचंही नाही, नुसता डब्याचा आवाज आणि पेन्सिलींचा.

त्या सगळ्या प्रकारानंतर मी एका दुपारी कागद घेऊन बसले. एक गोष्ट मला फार दिवस छळत होती. हरलेला प्रत्येक जण दर वेळी 'थोडक्यात हुकलं' असं का म्हणतो? नऊ जणांत आठ जण दर वेळी थोडक्यात कसे हुकतील? हिशोब केला तेव्हा कळलं की तसंच होतं. एखादा माणूस एकटाच एक तिकीट घेऊन बसला, तर त्याचे पंधराही आकडे भरायला सरासरी पंच्याऐंशी चकत्या काढाव्या लागतात, नव्वदांतल्या पंच्याऐंशी. नऊ तिकिटं खेळात असली की कुणाचं तरी घर बहुतेकदा सत्तर ते ऐंशी आकड्यांच्या दरम्यान भरतं. आणि त्या वेळी उरलेल्या सगळ्यांच्या तिकिटावर सरासरी दोन-तीनच आकडे बाकी असतात. म्हणजे हुकलेला जवळजवळ प्रत्येक माणूस अशा मोजक्याच आकड्यांनी हुकलेला असतो. त्यात त्याचं दुर्दैव नसतं की जवळ आलेलं नशीब नसतं, तिकिटाची घडणच तशी आहे. पण आतून तसं वाटत नाही. आतून वाटतं, आता इतकं जवळ आलंय, पुढच्या डावात येईलच. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जुगाराच्या यंत्रावर खेळणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली होती. थोडक्यात हुकल्यावर मेंदूतले काही भाग जिंकल्यावर होतात तसेच जागे होतात आणि माणसाला पुन्हा खेळावंसं वाटतं, असं त्यात दिसलं. मी ते वाचलं तेव्हा मला तो बंद झालेला कॅमेरा आठवला.

तीन तिकिटांचंही तसंच. एकट्याने तीन घेतली तर त्याची शक्यता वाढते हे खरं. पण मग दुसराही तीन घेतो, तिसराही. सगळ्यांनी तीन घेतली की प्रत्येकाची शक्यता पुन्हा होती तिथेच येते, फक्त मधल्या डब्यातले पैसे तिप्पट होतात आणि हरणाऱ्याचं हरणंही. हा हिशोब मी सगळ्यांना दाखवला. कुणी वाद घातला नाही. तो तीन तिकिटांवाला म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, मला वाटायचं माझ्याच वाट्याला हे येतं." इतके महिने तो हे मनात घेऊन बसला होता.

आम्ही पैसे बंद केले. पैसे लावून खेळणं काही देशांत परवान्याने चालतं, काही ठिकाणी त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि जिथे चालतं तिथेही लगाम आवळले जातायत. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, म्हणजे निदान उसन्या पैशांनी डाव मांडला जाऊ नये. कायदा पाहावाच, मित्रांमधला खेळ असला तरी. पण आम्ही थांबलो ते कायद्याला घाबरून नाही. पैसे मध्ये आले की मैत्रीत एक हिशोबाची वही उघडते, आणि ज्याच्याकडे कमी आहेत तो ती वही मनात जास्त वेळ वाचत बसतो. आता फुल हाउस झालं की जिंकणाऱ्याने इतरांपैकी कुणा एकाला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. या एका बदलाने आम्हाला एकमेकांबद्दल जे कळलं, ते त्याआधीच्या दहा वर्षांत कळलं नव्हतं.

या खेळाचा इतिहास मी नंतर जरा चाळला, बहुधा आपलं मन कुठेतरी गुंतवावं म्हणून. मुळं इटलीत सांगतात, १५३० च्या सुमाराच्या लोत्तोच्या सोडतीत. तिथे आकडे काढायला डोळ्यांवर पट्टी बांधलेलं लहान मूल उभं करायची पद्धत पुढे खूप काळ होती. हे वाचून मी थांबले. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनाही कळलं होतं की या खेळात घात होणार असेल तर आकडा काढणाऱ्या हाताकडून होणार. म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात निष्पाप हात शोधला, आणि तेवढ्यावरही न थांबता डोळे बांधले. अमेरिकेतली गोष्ट १९२९ ची आहे. एडविन लो नावाच्या खेळणी विकणाऱ्या माणसाने एका जत्रेत लोकांना हा खेळ खेळताना पाहिलं. सिगारच्या खोक्यातून आकड्यांच्या चकत्या निघायच्या आणि लोक आपल्या कार्डावर घेवड्याचे वाळके दाणे ठेवायचे. त्याने तो घरी नेला, मित्रांना जमवलं, आणि त्यांच्यातलं कुणीतरी जिंकल्याच्या आनंदात 'बीनो' (बीन म्हणजे दाणा, त्यावरून खेळाचं तेव्हाचं नाव) म्हणायच्या ऐवजी 'बिंगो' ओरडलं, असं सांगतात. नाव पडलं ते मित्रांच्या खोलीत. मला यातली नावापेक्षा दाण्यांची गोष्ट जास्त आवडते. कार्डावर दाणा ठेवला की तो सगळ्यांना दिसतो. उचलला तरी दिसतो. एका टेबलाभोवती बसलेली माणसं एकमेकांना पाहत असतात, त्यामुळे तिथे कुणाला 'तू कोण' असं विचारावं लागत नाही.

आमच्यात ते टेबलच नाही. चेहरा आहे पण तो काचेवरचा, आवाज आहे पण तो तारेतून आलेला. मग टेबलावर जे आपोआप मिळतं ते इथे हाताने करावं लागतं, हे मला पटायला तिचं ते वाक्य ऐकावं लागलं.

आता आम्ही कसं खेळतो ते सांगते. डबा आणि माझे हात कॅमेऱ्याच्या चौकटीत राहतात. चकती काढली की भिंगाजवळ धरते आणि मगच पुकारते. मी स्वतः तिकीट घेत नाही. पहिला आकडा निघायच्या आधी प्रत्येक जण आपल्या कोऱ्या तिकिटाचा फोटो ग्रुपात टाकतो, म्हणजे नंतर 'माझ्याकडे ४७ होता' असा प्रश्नच उरत नाही. हे अविश्वासाने करतो असं पहिल्यांदा एकीला वाटलं होतं. पण दोन शनिवारांनंतर ज्यांच्यावर कधीमधी चोरटा संशय यायचा त्यांच्यावर तो यायचा बंद झाला, आणि संशय नसण्यातला हलकेपणा सगळ्यांनाच जाणवला. कॉलची लिंक दर वेळी नवी असते, पासवर्ड वेगळा पाठवला जातो, आणि प्रत्येकाला मी बाहेरच्या खोलीतून नाव बघून आत घेते. एकदा एका ओळखीच्या नावाने कुणी दोनदा दार वाजवलं, दोन वेगवेगळ्या फोनवरून; मी दोघांनाही थांबवून फोन केला. तोच होता, जुना फोन बंद पडत होता म्हणून दुसरा घेतला होता. उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही.

लिंकवरच्या तयार खेळांच्या वाटेला आम्ही फारसे जात नाही. एकदा दोघांनी आग्रह केला म्हणून एक अॅप पाहिलं. त्याला माझ्या फोनमधले सगळे नंबर हवे होते, मी कुठे आहे तेही हवं होतं, मायक्रोफोनही. मी विचार करत राहिले: नव्वद आकड्यांतून एक काढायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो? माझ्या पत्र्याच्या डब्याने आजवर मला काही विचारलेलं नाही. सुरुवातीला फुकट नाणी, मग ती संपली की विकत, मग 'फक्त दहा मिनिटांसाठी सवलत' असं लुकलुकणारं घड्याळ. ते घड्याळ पाहिलं की मी सरळ बाहेर पडते. जिथे मला विचार करायला वेळ द्यायचा नाही असं कुणी ठरवलेलं असतं, तिथे माझं भलं नसतं.

आणि एक नियम सगळ्यांत वरचा. आमच्यापैकी कुणीही, कुणाच्याही नावाने, काहीही मागितलं, कोड असो, पैसे असोत, नुसता फोटो असो, तर लिहून उत्तर द्यायचं नाही. आधी साधा फोन करायचा. फोनवर 'तूच आहेस ना?' असं विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्याने त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. हे शेवटचं ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आपल्या माणसाला 'तू तूच आहेस ना' असं विचारणं जिभेला जड जातं. आपल्याकडे विश्वास म्हणजे न विचारणं, असं घट्ट बसलंय. तिनेही त्या दिवशी तेच केलं होतं, विश्वास ठेवला होता, आणि मीच तिला वर्षानुवर्षं शिकवलेल्या वेगाने. म्हणून मला तिला 'तू विचारायला हवं होतंस' असं कधीच म्हणता आलं नाही. तिने विचारलं असतं तर कदाचित तेव्हाची मी म्हणाले असते, 'अगं, माझ्यावर विश्वास नाही का?' मी खात्रीने म्हणाले असते.

त्या प्रकारानंतर ती खेळायला यायची थांबली. आधी म्हणाली, सर्दी झालीय. मग पाहुणे आहेत. मग काहीच म्हणाली नाही. ग्रुपात ती होती, आमचे निरोप वाचायची, पण लिहायची नाही. तिला पैशांपेक्षा मावशीची लाज वाटत होती; मावशी काही बोलली नव्हती आणि तेच तिला जास्त लागलं होतं. मावशीचे पैसे मी भरून द्यायचं म्हटलं, तर मावशीने माझ्याशी फोनवर अगदी मायेने बोलून ते नाकारले आणि शेवटी म्हणाली, "तिला पुन्हा खेळायला बोलव गं, शनिवारी फार उगीमुगी बसते." मी तिला बोलावत राहिले. आठ चौकटींच्या जागी सात दिसायच्या आणि पडद्यावर तिच्या जागी कुणी दुसरं सरकलेलं असायचं, तरी मला ती जागा रिकामीच वाटायची. आकडा पुकारला की सवयीने मी तिच्या पेन्सिलीची टकटक ऐकायला थांबायचे. ती काट न मारता टिंब द्यायची, जोरात.

अडीच महिन्यांनी एका शनिवारी पावणेनऊला तिचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा फोन.

"तूच आहेस ना?"

"मीच गं."

"आवाजाचीही नक्कल करतात म्हणे हल्ली."

खरं होतं ते. मी काय सांगावं याचा विचार करत होते. आमच्या दोघींनाच माहीत असलेलं काहीतरी विचार, असं म्हणणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "डबा हलव."

मी डबा फोनजवळ नेला आणि हलवला. चकत्या पत्र्यावर आपटल्या, सरकल्या, पुन्हा आपटल्या. पलीकडे काही क्षण काहीच नाही. मग पंख्याची करकर ऐकू आली, दर फेरीला एकदा.

"अजून एकदा," ती म्हणाली. मी पुन्हा हलवला, या वेळी जास्त वेळ.

"हं," ती म्हणाली. "तिकिटाचा फोटो टाकते. पासवर्ड काय ठेवलायस?"

"तो फोनवर सांगत नाही मी. पाठवते."

"बरं," म्हणाली, आणि त्या एवढ्याशा 'बरं'मध्ये ती हसल्याचं मला ऐकू आलं. नऊ वाजता तिची चौकट उजळली. कपाळ तेवढं दिसत होतं. मी चकती काढली, भिंगाजवळ धरली. तीन आणि आठ, अडतीस. आणि लगेच, नेहमीसारखी, पेन्सिलीची ती जोरदार टकटक.